अल्पाकाची लोकर विणताना: मऊपणा, वजन आणि झोळ

गुंड्यातून वीतभर धागा बाहेर काढा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा आणि सोडा. मेंढीची लोकर ताणताना लांबते आणि सोडली की आखडून जागेवर येते. अल्पाका फारसा ताणलाच जात नाही, आणि जेवढा लांबतो तेवढा पूर्ण परत येत नाही. हा एवढासा फरक पुढच्या प्रत्येक निर्णयात आडवा येतो: सुई कोणती घ्यायची, वीण कोणती, स्वेटर विणायचा की शाल, खांदा शिवायचा की नाही, वाळत कसं घालायचं. स्वेटर मांडीपर्यंत लोंबला, टोपी डोळ्यांवर घसरते, मनगटाची पट्टी भोंग्यासारखी पसरली, अशा तक्रारी अल्पाकाबद्दल नेहमी होतात. मेंढीच्या लोकरीसाठी आखलेला नमुना अल्पाकात जसाच्या तसा विणला की बहुतेक वेळा हे घडतं. धाग्याचा स्वभाव आधी कळला तर त्याच गुणांचं सोनं होतं.

धागा असा का वागतो

अल्पाका हा उंटाच्या कुळातला, अँडीज पर्वतातला पाळीव प्राणी. पेरू, बोलिव्हिया आणि चिलीच्या उंच पठारांवर, साधारण 3,500 मीटरच्या वर त्याचे कळप चरतात. जगातले बहुतांश अल्पाका पेरूत आहेत आणि तिथल्या लोकरीच्या व्यापाराचं मुख्य शहर म्हणजे आरेकिपा. या प्राण्याच्या दोन जाती आहेत. हुआकाया जातीची लोकर फुगीर आणि थोडी नागमोडी असते. सुरी जातीचे केस पीळदार बटांसारखे खाली लोंबतात, त्यांना रेशमासारखी चमक असते आणि नागमोड जवळजवळ नसतेच. कळपांत हुआकायाच फार जास्त, त्यामुळे लेबलवर नुसतं ‘अल्पाका’ लिहिलेलं असेल तर तो धागा हुआकायाचा समजायला हरकत नाही.

मेंढीच्या, विशेषतः मेरिनोच्या, प्रत्येक केसाला बारीक बारीक वळणं असतात. ती स्प्रिंगचं काम करतात: ताण आला की उघडतात, ताण गेला की मिटतात. शिवाय केसावरचे खवले उंच असल्यामुळे केस एकमेकांना धरून राहतात. अल्पाकाच्या केसाला वळणं कमी आणि खवले बुटके. म्हणून तो हाताला सुळसुळीत लागतो, आणि नेमक्या त्याच कारणाने केस एकमेकांवरून घसरतात आणि विणलेलं कापड स्वतःच्याच वजनाने खाली उतरत जातं. मऊपणा आणि झोळ हे एकाच गोष्टीचे दोन परिणाम आहेत. एक घेतला की दुसरा सोबत येतोच.

वजनाचंही कारण इथेच आहे. केस सरळ आणि गुळगुळीत असले की कातताना ते एकमेकांना चिकटून बसतात आणि धाग्यात हवा कमी उरते. त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या धाग्याला अल्पाका जास्त ग्रॅम खातो. 50 ग्रॅमच्या गुंड्यात किती मीटर धागा आहे ते लेबलवर पाहा आणि तशाच जाडीच्या मेंढीच्या लोकरीशी ताडून पाहा. अल्पाकाचे मीटर बहुधा कमी भरतात.

‘अल्पाकाचा केस पोकळ असतो म्हणून तो उबदार’ हे वाक्य पाकिटांवर सर्रास छापलेलं असतं. ते अर्धंच खरं. जाड केसांच्या गाभ्यात पोकळ्या असतात, पण केस जितका बारीक तितकी ही पोकळी तुटक होत जाते आणि अगदी बारीक केसांत ती बऱ्याचदा नसतेच. ऊब मुख्यतः कापडात अडकलेल्या हवेमुळे मिळते आणि अल्पाकाची बारीक लव ती हवा छान धरून ठेवते. मेंढीच्या लोकरीपेक्षा पाचपट किंवा सातपट उबदार असले आकडे मनावर घेऊ नका. कापडाची जाडी आणि वीण न सांगता असा आकडा देताच येत नाही. मात्र अल्पाका उबदार असतो हे अनुभवाला येतंच. जाड धाग्याचा अल्पाका स्वेटर बंद खोलीत घालून बसवत नाही.

आणखी एक गोष्ट. मेंढीच्या लोकरीत असतो तसा मेणचट तेलाचा, म्हणजे लॅनोलिनचा, अंश अल्पाकात जवळपास नसतो. लॅनोलिनमुळे ज्यांच्या त्वचेवर पुरळ येतं त्यांना म्हणूनच अल्पाका चालण्याची शक्यता जास्त. पण खाज बहुतेकांना तेलामुळे सुटत नाही, जाड केसांची टोकं त्वचेला टोचतात म्हणून सुटते. तो प्रश्न प्रतवारीने सुटतो.

लेबलवरचे शब्द

केसाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. 1 मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पेरूमधल्या प्रतवारीत 23 मायक्रॉनपर्यंतच्या लोकरीला ‘बेबी’ म्हणतात, 23.1 ते 26.5 म्हणजे ‘फ्लीस’, 26.6 ते 29 ‘मीडियम फ्लीस’, 29.1 ते 31.5 ‘हुआरिसो’ आणि त्यापुढची जाड लोकर. धाग्याच्या पाकिटावर ‘सुपरफाइन’ असं दिसतं ती साधारण 26 मायक्रॉनच्या आसपासची, म्हणजे फ्लीसच्या दर्जाची लोकर असते. ‘रॉयल’ ही बेबीहूनही बारीक.

‘बेबी अल्पाका’ म्हणजे पिल्लाची लोकर असा समज फार पसरलेला आहे. बेबी हे बारीकपणाचं नाव आहे, वयाचं नाही. पूर्ण वाढलेल्या जनावराच्या पाठीवरची बारीक लोकरही बेबीत जाते आणि त्याच जनावराच्या पायांची लोकर दोन प्रती खाली उतरते. कातरलेली लोकर हाताच्या स्पर्शाने निवडून वेगळी करण्याचं हे काम आरेकिपात आजही मुख्यतः बायका करतात, आणि धाग्याचा दर्जा त्यांच्या बोटांवर ठरतो.

टोचण्याची सीमा 30 मायक्रॉनच्या आसपास आहे. त्याहून जाड केस धाग्यात शेकडा पाचाच्या वर गेले की बहुतेकांच्या मानेला ते जाणवतात. म्हणून मफलर, टोपीची आतली पट्टी, बाळाचे कपडे यांसाठी बेबी घ्या. बाहेरून घालायच्या जाकिटाला, उशीच्या अभ्र्याला किंवा पांघरुणाला सुपरफाइन पुरतो, आणि तो बेबीपेक्षा कमी झिजतो. शंका असेल तर गुंडा मानेला लावून दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. बोटांची कातडी राठ असते, ती बोटं मानेच्या वतीने निकाल देऊ शकत नाहीत.

लेबलनंतर धाग्याची बांधणी पाहा. तीन किंवा चार पदरी, घट्ट पिळाचा धागा सगळ्यात टिकाऊ. एकपदरी, सैल पिळाचा धागा हाताला लोण्यासारखा लागतो, पण त्याच्या कोपरांवर आणि काखेत आठवडाभरात गोळे येतात. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धागा वीस वेळा चोळून पाहा: लगेच पिंजल्यासारखा झाला तर तो घासल्या जाणाऱ्या जागी वापरू नका. जाळीदार नळी विणून तिच्यात अल्पाकाचे केस भरलेला एक प्रकारही मिळतो. त्यात हवा भरपूर राहते, धागा जाड दिसूनही हलका असतो आणि अल्पाकाच्या जड स्वेटरचा त्रास तिथे बराच कमी होतो.

मिश्र धाग्यांत मेंढीच्या लोकरीचं मिश्रण सगळ्यात उपयोगी. निम्मी मेंढीची लोकर असली की कापड बऱ्यापैकी आकार धरतं. 30 टक्क्यांनीही फरक दिसतो. रेशमाचं मिश्रण चमक देतं, पण रेशीमही परत आखडत नाही, त्यामुळे अल्पाका-रेशीम शालीला उत्तम आणि स्वेटरला अवघड. मोजे विणायचे असतील तर 20 ते 25 टक्के नायलॉन असलेलाच धागा घ्या. शुद्ध अल्पाकाचा मोजा दुपारपर्यंत घोट्याशी गोळा होतो आणि टाच लवकर विरते.

काय विणावं

जिथे कापडाने अंगावर सैल पडावं अशी अपेक्षा असते तिथे अल्पाकाला तोड नाही: शाल, स्टोल, मफलर, पोंचो, हातमोजे, गळपट्टा. जिथे कापडाने पकडून धरायला हवं, तिथे मदत लागते: टोपीची कड, मनगट, मोज्याचा वरचा भाग.

सव्वा चारशे मीटर फिंगरिंग जाडीच्या, म्हणजे बारीक, धाग्यात, साधारण 125 ते 130 ग्रॅममध्ये, मध्यम आकाराची शाल होते. डीके (त्याहून जाड, मध्यम) जाडीचा 30 सेंटिमीटर रुंद आणि 170 सेंटिमीटर लांब मफलर सुमारे 200 ग्रॅम घेतो. टोपीला 50 ते 70 ग्रॅम पुरतात. स्वेटरचा हिशेब मात्र विकत घेण्याआधीच करावा. मध्यम आकाराच्या मोठ्या माणसाच्या स्वेटरला डीके जाडीत 1,200 मीटर धरले आणि 50 ग्रॅमला 110 मीटर असले, तर साडेपाचशे ग्रॅम होतात. तेच फिंगरिंग जाडीत, 50 ग्रॅमला 167 मीटर असताना, 1,500 मीटर लागूनही 450 ग्रॅममध्ये भागतं. शंभर ग्रॅमचा हा फरक खांद्यांवर पडतो. शुद्ध अल्पाकाचा स्वेटर बारीक धाग्यातच विणावा, असा आमचा ठाम सल्ला आहे.

विणीपैकी सगळ्या ओळी सुलट घातलेली गार्टर वीण लांबीत सर्वांत जास्त ताणते, कारण तिच्या ओळी एकमेकींत दबलेल्या असतात आणि वजन आलं की उघडतात. ती वापरायचीच असेल तर तुकडा आडवा विणा, म्हणजे ओळी अंगावर उभ्या येतील. एक सुलट एक उलटची मोत्यांसारखी वीण आणि टाके उचलून न विणता पुढे सरकवायच्या विणी कापडाला घट्टपणा देतात. वेण्यांच्या बाबतीत दोन अडचणी आहेत: त्या धागा जास्त खातात, म्हणजे वजन वाढवतात, आणि दोन-तीन धुण्यांनंतर लव वर आली की वेणी त्या लवीत बुडते. एखादी ठळक वेणी चालेल, अंगभर नको. दोन रंगांचं विणकाम मात्र अल्पाकात फार देखणं होतं. पांढऱ्यापासून मधाच्या, तपकिरी, राखाडी छटांमधून काळ्यापर्यंत वीसहून अधिक नैसर्गिक रंग या प्राण्यांत मिळतात, आणि मागून जाणारे आडवे धागे कापडाला आधारही देतात.

नमुन्याचा चौकोन: इथे वेळ द्या

मेंढीच्या लोकरीत टाक्यांचं माप कळण्यासाठी आधी 10 सेंटिमीटरचा चौकोन विणून मोजला की काम भागतं. अल्पाकाचा चौकोन लटकवून पाहिल्याशिवाय खरं माप सांगत नाही.

पाकिटावर सुचवलेल्या सुईपेक्षा अर्धा मिलिमीटर बारीक सुई घ्या. किमान 15 सेंटिमीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर उंच तुकडा ज्या विणीत स्वेटर असेल त्याच विणीत विणा आणि टाके बंद करा. मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके आणि ओळी मोजून लिहून ठेवा. मग स्वेटर जसा धुणार तसाच हा तुकडा धुवा, सपाट वाळवा आणि पुन्हा मोजा. यानंतर तो वरच्या कडेने चार-पाच चिमट्यांनी दोरीला लावा. खालच्या कडेतून एक सुई ओवा, म्हणजे ओढ सगळ्या रुंदीवर सारखी पडेल, आणि त्या सुईला वजन बांधा.

वजन किती? समजा स्वेटर 450 ग्रॅमचा होणार आहे आणि बाह्या सोडून त्याचं अंग 270 ग्रॅमचं आहे. घेर 100 सेंटिमीटर, म्हणजे दर सेंटिमीटर रुंदीला 2.7 ग्रॅम भार. 15 सेंटिमीटरच्या तुकड्याला साधारण 40 ग्रॅम. खांद्यापाशी बाह्यांचाही भार येतो, म्हणून सुईचं वजन धरून 50 ते 60 ग्रॅम लावा. पूर्ण एक दिवस लटकू द्या आणि लटकलेल्या अवस्थेतच माप घ्या.

उदाहरणार्थ, विणून झाल्यावर 10 सेंटिमीटरमध्ये 24 टाके आणि 32 ओळी होत्या; लटकवल्यावर 24.5 टाके आणि 30 ओळी भरल्या. 60 सेंटिमीटर लांबी हवी असेल तर पहिल्या मापाने 192 ओळी विणाल. पण तो स्वेटर अंगावर 64 सेंटिमीटरचा होईल. लटकलेल्या मापाने हव्यात 180 ओळी. घेराचंही तसंच: 240 टाक्यांचे 100 ऐवजी 98 सेंटिमीटर होतील, कारण कापड लांब झालं की अरुंद होतं. मांडीवर ठेवलेला स्वेटर अशा वेळी आखूड दिसतो आणि दोन-चार ओळी वाढवायचा मोह होतो. तो आवरा. फूटपट्टीपेक्षा ओळींच्या संख्येवर विश्वास ठेवा.

लटकवून ओळींचं माप दहा टक्क्यांहून जास्त बदललं, म्हणजे 32 च्या 28 झाल्या, तर सुई आणखी बारीक करा आणि नवा चौकोन विणा. कापड फार ताठ होईल ही भीती नको. अल्पाका धुतल्यावर मोकळा होतो. सुईवर किंचित करकरीत वाटणारं कापड शेवटी योग्य निघतं.

स्वेटरची बांधणी

मानेपासून खाली एकसंध विणलेला, कुठेही शिवण नसलेला स्वेटर सध्या सगळ्यांच्या आवडीचा आहे. शुद्ध अल्पाकासाठी तो सगळ्यात धोक्याचा. सगळा भार गळ्याभोवतीच्या सैल टाक्यांवर येतो आणि गळा दिवसेंदिवस रुंद होत जातो. पाठ, पुढचा भाग आणि बाह्या वेगवेगळ्या विणून शिवा. बाजूच्या शिवणी लांबी धरून ठेवतात आणि मुंढ्याची गोल शिवण बाही खांद्यावरून घसरू देत नाही. खांद्याचे टाके सुईवर ठेवून अदृश्य जोडण्यापेक्षा ते पायऱ्या-पायऱ्यांनी बंद करा आणि मग शिवा. गळ्याचंही तसंच: मागच्या गळ्याचे टाके आधी बंद करा आणि गळपट्टीसाठी त्या बंद कडेतून नवे टाके उचला.

खांद्याला आतून आणखी एक आधार द्यावा. 3 मिलिमीटरच्या क्रोशाने एका खांद्याच्या टोकापासून मागच्या गळ्यावरून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत सरकत्या टाक्यांची साखळी घाला; बंद केलेल्या दर टाक्याला एक टाका, न ओढता. जड स्वेटर असेल तर सहा मिलिमीटर रुंदीची सुती फीत जास्त भरवशाची. ती आधी धुऊन आटवून घ्या. फितीची लांबी स्वेटरवरून घेऊ नका, घालणाऱ्याच्या पाठीवरून खांद्यापासून खांद्यापर्यंत मोजा. दोन्ही टोकांना दुमडायला एकेक सेंटिमीटर जास्त ठेवा आणि बारीक हातशिवणीने आतून लावा. स्वेटर थोडा जास्त रुंद झाला असेल तर फितीवर तो चुण्या न पडता सामावतो.

खालच्या पट्टीकडून कंबर आवळण्याची अपेक्षा ठेवू नका. पसरू नये एवढं बघा. 240 टाक्यांच्या अंगाला पट्टी दहा टक्के कमी, म्हणजे 216 टाक्यांची घाला. सुई अंगाच्या 3 मिलिमीटरऐवजी 2.25 ची. पट्टी संपली की दर 9 टाक्यांनंतर एक टाका वाढवा, बरोबर 24 वाढतात. सुलट टाका मागच्या बाजूने सुई घालून पिळून विणला तर पट्टी आणखी घट्ट बसते. मनगट आणि टोपीच्या कडेला आतून बारीक इलॅस्टिकचा दोरा ओवणं हा साधा आणि खात्रीचा उपाय. पट्टीपुरता त्याच रंगाचा मेंढीच्या लोकरीचा धागा वापरला तरी चालतं.

घेर अंगापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर जास्त पुरे. ढगळ स्वेटर म्हणजे जास्त कापड, जास्त कापड म्हणजे जास्त वजन. बाहीच्या ओळीही लटकलेल्या मापानेच काढा. खिसे शक्यतो नकोत. पुढून उघडा, बटणांचा स्वेटर विणायचा असेल तर बटणपट्टीचे टाके दर तीन ओळींना दोन या हिशेबाने उचला, आणि पट्टीच्या मागे फीत लावा. नाहीतर पुढची कड बाकी अंगापेक्षा खाली उतरते.

विणताना

लडीचा गुंडा करताना धागा बोटं आत घालून त्यांच्यावरून गुंडाळा आणि मग बोटं काढून घ्या. ताणून गुंडाळलेला अल्पाका गुंड्यात लांबतो आणि विणल्यावर कुठे घट्ट, कुठे सैल दिसतो. धातूच्या सुयांवरून टाके निसटतात, लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्या. सैल पिळाच्या धाग्याला बोथट टोक बरं, टोकदार सुई पदर फोडते.

लवीचा अल्पाका उसवणं हे जिकिरीचं काम आहे, कारण शेजारच्या टाक्यांचे केस एकमेकांत अडकतात. म्हणून दर वीस ओळींनंतर सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून एक गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवा. चूक निघाली तर तिथपर्यंतच उसवावं लागतं. उसवताना झटका देऊ नका. अडकलं तर टाक्यापाशी बारीक कात्रीच्या टोकाने लव सोडवा, धागा ओढून तोडू नका. उसवलेला धागा लडी करून कोमट पाण्यात भिजवा आणि पसरून वाळवा. सरळ व्हावा म्हणून खाली वजन बांधलं तर तो कायमचा लांबेल.

नवा गुंडा जोडताना दोन टोकं ओली करून तळहातांत घासण्याची युक्ती अल्पाकात चालते, पण तो जोड मेंढीच्या लोकरीइतका पक्का नसतो. शिवणीच्या जागी नवा धागा सुरू करणं आणि 10 सेंटिमीटर टोक उलट्या बाजूच्या टाक्यांत दोन दिशांनी ओवणं जास्त सुरक्षित. सुळसुळीत धाग्याचं आखूड टोक हमखास बाहेर येतं.

धुणं आणि आकार देणं

अल्पाका आटत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की तोही घट्ट होऊन नमद्यासारखा होतो, मेंढीच्या लोकरीपेक्षा जरा सावकाश, एवढंच. 30 अंशांपर्यंतचं कोमट पाणी, लोकरीसाठीचा सौम्य साबण, पंधरा मिनिटं नुसतं बुडवून ठेवणं. चोळू नका, पिळू नका. विसळण्याचं पाणीही तेवढ्याच तापमानाचं असू द्या. काळा किंवा गडद रंग पहिल्यांदा वेगळा धुवा.

ओला अल्पाका फार जड होतो आणि नेमका याच क्षणी स्वेटर बिघडतो. खांदे धरून पाण्यातून उचलला की काही सेकंदांत बाह्या लांबतात. पाणी आधी सोडून द्या, स्वेटर कडेला दाबून पाणी निथळू द्या आणि मग दोन्ही हात खाली घालून किंवा मोठ्या चाळणीतून उचला. जाड टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि त्यावर उभे राहून दाब द्या. टॉवेल बदलून हेच आणखी एकदा करा.

मग सपाट जागी पसरून टेपने मोजा. मेंढीच्या लोकरीत आपण हव्या मापापर्यंत ताणतो. इथे उलट, हातांनी चेपत चेपत लांबीकडून आखडून आणा आणि लांबी ठरलेल्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमीच ठेवा. पट्ट्या बोटांनी एकत्र दाबा. सावलीत वाळवा, अर्धा वाळला की उलटा करा. वाफेची इस्त्री कापडाला टेकवू नका; दोन-तीन सेंटिमीटर वरून वाफ द्या, आणि पट्ट्यांना मुळीच नको. वाफेने पट्टी मरते आणि पुन्हा उठत नाही.

जाळीच्या शाली टाचण्या लावून ताणून वाळवा. जाळी उघडते, पण मेंढीच्या लोकरीइतकी ती टोकं धरून ठेवत नाही. प्रत्येक धुण्यानंतर टाचण्या पुन्हा लावाव्या लागतील.

ठेवणं, आणि कसर

हँगरवर कधीही नको, घडी करूनच. कसरीला, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीला, अल्पाकाही मेंढीच्या लोकरीइतकाच आवडतो. घाम आणि अन्नाचे डाग तिला ओढून आणतात, म्हणून न धुता ठेवू नका. घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा आणि दोन महिन्यांतून एकदा उघडून झटका. बारीक भोकं किंवा वाळूसारखे कण दिसले तर कपडा हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशाच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस बंदच राहू द्या, नाहीतर थंड कापडावर दव धरतं.

आधीच लोंबलेला स्वेटर आवरायचा असेल तर

पहिल्यांदा धुवा आणि वर सांगितल्याप्रमाणे चेपून वाळवा. वाढलेली काही लांबी याने कमी होते. मग खांद्याला फीत लावा आणि दोन दिवस घालून पाहा. तरीही लांब राहिला तर खालून कापावा लागेल, आणि ते वाटतं तितकं भयंकर नाही. पट्टीच्या वर, जिथून लांबी कमी करायची त्या ओळीच्या दोन ओळी वर, एका बारीक सुईवर ओळीतला प्रत्येक टाका उचलून घ्या. बाजूच्या शिवणी तेवढ्या उसवा. आता सुईच्या दोन ओळी खालचा एक टाका कापा आणि तो धागा टाक्याटाक्यातून ओढत ओळ सोडवा. खालचा तुकडा वेगळा होईल. वर उरलेल्या जादा ओळी सुईपर्यंत उसवा, टाके 10 टक्के कमी करून बारीक सुईने नवी पट्टी खालच्या दिशेने विणा. उलट दिशेने विणताना टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या सुलट विणीवर ते दिसत नाही, पण उभ्या रेघांच्या विणीत किंवा वेणीत सांधा दिसेल. तिथे पट्टीच्या वर उलट टाक्यांची एक ओळ घातली की तो लपतो. टाके बंद करताना सुई एक नंबर मोठी घ्या, नाहीतर कड आवळून पट्टी बाहेर फुगते.